नळीची लांबी

जवळचे दिसणे ही डोळ्यांना मिळालेली कायमची देणगी नव्हे. चाळिशी उलटली की वर्तमानपत्र हळूहळू हातभर दूर सरकू लागते, सुईत दोरा ओवण्यासाठी घरातल्या लहान मुलाला हाक मारावी लागते, आणि दूरचा डोंगर पूर्वीसारखाच स्पष्ट दिसत असताना तळहातावरची रेषा मात्र पुसट होत जाते. तरुण डोळ्यालाही एका मर्यादेच्या आत जाता येत नाही. सोयीने पाहण्याचे किमान अंतर म्हणून प्रकाशशास्त्र 25 सेंटीमीटर धरते. त्याच्या फार अलीकडे आणलेली वस्तू मोठी होते खरी, पण धूसरही होऊ लागते. म्हणजे जवळीक ही केवळ इच्छेची बाब नसते, तिला साधन लागते. हे साधन विकत घेता येते. ज्याला विकत घेता येत नाही, त्याला ते घडवावे लागते. घडवणाऱ्याला मात्र एक गोष्ट अधिकची मिळते. जवळ जाण्यासाठी नेमके काय मोजावे लागते, हे त्याला हाताने कळते.

दक्षिण कोकणातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे एक शिक्षक 1986 साली एका जुन्या कॅमेऱ्याचे धनी झाले. कॅमेरा रशियन बनावटीचा, झेनिट. त्याचे भिंग 58 मिलिमीटर नाभीय अंतराचे, हेलिऑस. दोन्ही वस्तू दणकट, वजनदार आणि दिसायला ओबडधोबड. भिंग अर्ध्या मीटरच्या आत काही पाहायला तयार नसे. शिक्षकांना हवे होते ते फार मोठे नव्हते. गावामागच्या सड्यावर पावसाळ्यात उगवणारी, येता-जाता पायांखाली तुडवली जाणारी, मुगाच्या दाण्याएवढी फुले वर्गाच्या भिंतीवर मुलांना दाखवायची होती. त्यासाठी लागणारे खास भिंग शिक्षकाच्या पगारात बसणारे नव्हते. पण ज्या नियमावर ते भिंग चालते, तो नियम नववी-दहावीच्या पुस्तकातलाच होता, आणि ते तो दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते.

वस्तू भिंगाच्या जसजशी जवळ येते, तसतशी तिची प्रतिमा भिंगाच्या मागे अधिकाधिक दूर पडते. ती प्रतिमा फिल्मवर झेलायची, तर भिंगाला फिल्मपासून तितकेच पुढे सरकावे लागते. भिंग त्याच्या नाभीय अंतराइतके पुढे गेले की फिल्मवरची प्रतिमा मूळ वस्तूएवढीच होते: पाच मिलिमीटरचे फूल फिल्मवरही पाच मिलिमीटरचे. यासाठी भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये काहीही लागत नाही. खरोखर काहीही नाही, केवळ रिकामी जागा. बाजारात विकले जाते ते या रिकामेपणाभोवतीचे कवच. त्यात काच नाही, यंत्र नाही. 58 मिलिमीटर लांबीचा अंधार बंदिस्त करणारी कोणतीही नळी ते काम करू शकते.

पहिली नळी सावंतवाडीच्या चितारआळीत तयार झाली. लाकडी खेळणी आणि रंगीत फळे यांसाठी ती आळी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या कारागिराच्या हाताला लेथवर लाकूड गोल करणे नवे नाही. शिक्षकांनी कागदावर काढून नेलेली आकृती त्याने उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "मास्तरांनू, ह्येका बूड नाय, झाकण नाय. ह्येच्यात ठेवतलास काय?" शिक्षकांनी उत्तर दिले, "उजेड." कारागीर हसला, पण नळी त्याने मापाबरहुकूम करून दिली. लाकडाला कॅमेऱ्याच्या बारीक आटे पाडणे शक्य नव्हते. तेव्हा कॅमेऱ्याचे प्लास्टिकचे झाकण आणि भिंगाचे मागचे झाकण, दोन्ही मधोमध कापून, नळीच्या दोन टोकांना अ‍ॅराल्डाइटने चिकटवली. एका बाजूने ती कॅमेऱ्यात फिरवून बसवता येई, दुसऱ्या बाजूने भिंग तिच्यात. सगळा खर्च एका रंगीत फिल्मच्या रोळापेक्षा कमी झाला.

पहिल्या रोळातील सर्व चित्रे पांढुरकी आली. जणू प्रत्येक फुलावर धुके उतरले होते. कारण शोधायला वेळ लागला. नळीच्या गुळगुळीत आतल्या भिंतीवरून परतणारा प्रकाश फिल्मवर सांडत होता. शाळेचा फळा रंगवायचा काळा रंग उरला होता, तो आत लावला. धुके गेले, पण रंग वाळून त्याची भुकटी आरशावर झडू लागली. शेवटी गावच्या शिंप्याकडून काळ्या मखमलीचे कातरण आणून ते आत चिकटवले, आणि मग काळा रंग खऱ्या अर्थाने काळा झाला. तेवढ्यात मृग सुरू झाला आणि लाकूड फुगले. एका बाजूचा जोड किंचित उचलला गेला, भिंग कणभर कलले, आणि चित्राची डावी कड रेखीव तर उजवी पुसट येऊ लागली. त्या वर्षीच्या उरलेल्या पावसाळ्यासाठी लाकडाची जागा बागेला पाणी देण्याच्या पी.व्ही.सी. पाइपच्या तुकड्याने घेतली. सुंदर नळी कपाटात गेली, कुरूप नळी कामाला लागली. हस्तकौशल्याच्या इतिहासात असे वारंवार घडलेले असावे.

परंतु नळीने एक देणे निर्माण केले होते, आणि ते प्रकाशाचे होते. भिंग फिल्मपासून दुप्पट अंतरावर गेले की तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो. फिल्मच्या वाट्याला चतुर्थांश येतो. त्यातच जवळच्या वस्तूची स्पष्टतेची खोली इतकी आटते की फुलाची पुढची पाकळी रेखीव आली तर मागची विरून जाते. ती खोली वाढवायची तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, म्हणजे उजेड आणखी कमी. छिद्र सोळा या आकड्यावर आणले, तरी मूळ आकाराच्या चित्रात जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची रुंदी. एवढी पातळ स्पष्टता मिळवण्यासाठी पावसाळी आभाळाचा उजेड पुरत नाही. आणि शटर बराच वेळ उघडे ठेवावे, तर सड्यावरचा वारा तेवढा वेळ थांबत नाही.

म्हणून साधा, हाताने चालवायचा, लहानसा फ्लॅश आला. त्याचा झोत सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात संपतो, आणि तेवढ्या वेळात ना फूल हलते, ना हात. लोखंडी पट्टी वाकवून तो भिंगाच्या तोंडाशी, वस्तूपासून वीतभर अंतरावर बसवला. झेनिटचे शटर फ्लॅशसाठी सेकंदाच्या तिसाव्या भागावरच ठेवावे लागे. उन्हाच्या दिवशी तेवढ्या वेळात उन्हाचेही एक चित्र उमटे आणि फुलाला दोन कडा येत. त्यावर उपाय छत्रीचा: फुलावर सावली धरायची आणि मगच कळ दाबायची. सड्यावर भर उन्हात पालथे पडलेले शिक्षक आणि त्यांच्यावर नव्हे, तर गवतावर छत्री धरून उभा असलेला विद्यार्थी, हे दृश्य गावाच्या विनोदाचा विषय पुढे अनेक वर्षे राहिले.

उघड्या फ्लॅशचा उजेड मात्र निर्दय होता. दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती या सड्यांवर उगवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांशी चिकट द्रवाचे थेंब असतात, आणि ते दव समजून आलेला कीटक तिथे अडकून पडतो. नापीक खडकाळ जागेत जे नत्र मुळांना मिळत नाही, ते ही वनस्पती अशा रीतीने मिळवते. फ्लॅशने काढलेल्या पहिल्या चित्रांत प्रत्येक थेंबात एक पांढरी टाचणी टोचल्यासारखा ठिपका आला. थेंब हा गोल आरसा असतो. समोर जे असेल ते तो दाखवतो. फ्लॅशचे लहान तोंड त्याने जसेच्या तसे दाखवले. मग दुधी प्लास्टिकच्या डब्याचा कापलेला तुकडा आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपरचा थर असा पडदा फ्लॅशपुढे आला. उजेडाचा मऊपणा दिव्याच्या शक्तीवर नव्हे, तर वस्तूच्या दृष्टीने दिवा केवढा दिसतो यावर अवलंबून असतो. माणसापुढे तळहाताएवढा असणारा पडदा पाच मिलिमीटरच्या फुलापुढे आभाळाएवढा होतो. टाचण्या गेल्या. प्रत्येक थेंबात आता खिडकीसारखी एक फिकट चौकट दिसू लागली. ती त्या डब्याच्या तुकड्याची प्रतिमा होती, हे फक्त करणाऱ्यालाच माहीत होते.

घरगुती साधनांच्या या खटाटोपाला मोठी वंशावळ आहे. रॉबर्ट हूक याने 1665 साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथातील चित्रे अजूनही थक्क करतात. पण त्यांमागची अडचण हीच होती की सूक्ष्मदर्शकाखालची वस्तू अंधारात बुडून जाई. हूकने दिव्यापुढे मिठाच्या पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवला आणि दिव्याचा उजेड त्यातून व आणखी एका भिंगातून वस्तूवर एकवटला. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावी विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 साली हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला भाता असलेला कॅमेरा त्याने थंड, उघड्या शेडमध्ये मांडला होता. मागच्या काचेवर नजर ठेवून पुढचा स्क्रू फिरवायला हात पोचत नाही, म्हणून त्याने दोऱ्या आणि चाके जोडून ते काम साधले. आयुष्यभरात त्याने पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. त्याची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा हिमकण उठून दिसेना, म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवरील हिमकणाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढी. छापलेल्या चित्रात मग हिमकण गर्द काळोखात एकटा उभा राही.

सड्याच्या चित्रांतही असाच काळोख होता. तो खरवडून आणावा लागला नव्हता इतकेच. वीतभर अंतरावरचा फ्लॅश जवळच्या फुलाला उजळतो, पण हातभर मागे पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे भर दुपारी घेतलेल्या चित्रातही फुलामागे रात्र असे. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू ही सारी काळ्या मखमलीवर मांडलेल्या दागिन्यांसारखी दिसत. पंधरा वर्षांत अशी शेकडो चित्रे जमली. मुलांना ती आवडत. शिक्षकांनाही आवडत. त्यांच्यात काही उणे आहे, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

2004 साली सडा खाणीला देण्याची बोलणी सुरू झाली. जांभ्या दगडाला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली, केरळातील अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधताना पाहून, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून दिले. म्हणजे या दगडाचे शास्त्रीय नावच तो कापला जाण्यावरून पडलेले आहे. कोकणातील घरे, देवळांचे चौथरे, विहिरींचे काठ, गडग्यांच्या भिंती चिऱ्यांच्या आहेत. शाळाही चिऱ्यांची होती आणि शिक्षकांचे घरही. ज्याला बाहेरचा माणूस पडीक म्हणतो, तो सडा गावाच्या दृष्टीने अगदीच पडीक नव्हता. पावसाळ्यानंतर तिथे गुरे चरत, आणि त्याच्या एका अंगाला असलेल्या खोलगट भागात पाणी साचून राही. तरीही आठ महिने उघडा, तापलेला, काळवंडलेला दगड असेच त्याचे रूप असे. फुलांचा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा, मोजक्या आठवड्यांचा.

शाळेच्या मोठ्या वर्गात एका संध्याकाळी शिक्षकांनी गावकऱ्यांना स्लाइड दाखवल्या. पडद्यावर दवबिंदूचा थेंब नारळाएवढा झाला. लोकांनी शांतपणे पाहिले, बायकांनी कौतुकाने आपसांत काही म्हटले. शेवटी शेजारच्या गावच्या खाणीत चिरे तासण्याचे काम करणारा एक माणूस उठला. तो उद्धट नव्हता. त्याची दोन मुले त्याच शाळेत शिकलेली होती. तो म्हणाला, "मास्तरांनू, फोटोत फूल मोठां दिसलां म्हणान तां खरांच मोठां झालां काय? माझी पोरां चिऱ्यांच्याच पैशार शिकली." कोणी हसले नाही. शिक्षकांनी प्रोजेक्टर बंद केला. त्या संध्याकाळी त्यांना उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न सोपा नाही, आणि तो केवळ छायाचित्रांपुरताही नाही. जवळून पाहणारा प्रत्येक जण वस्तूला तिच्या भोवतालातून उचलतो. संहितेचे सूक्ष्म वाचन करणारा समीक्षक एका ओळीवर इतका उजेड टाकतो की मागची पुढची पाने काळोखात जातात. मग ती ओळ स्वयंभू, एकाकी आणि अवाजवी मोठी दिसू लागते. त्याने सांगितलेले खोटे नसते. दोन मिलिमीटरच्या थरापुरते ते पूर्ण खरेच असते. पण त्या थरामागे काय होते, ओळ कुठल्या मातीत उगवली, तिच्या शेजारून कोण चालत गेले, हे त्याच्या उजेडाने पुसून टाकलेले असते. बेंटलीचा हिमकण आभाळातून पडला होता, काळोखातून नव्हे. सड्यावरचे फूलही कातळावर साचलेल्या चिमूटभर मातीत, गुरांच्या वाटेशेजारी, चिऱ्याचा भाव ठाऊक असलेल्या गावात उगवले होते. काळ्या पार्श्वभूमीने हे सारे झाकले, आणि ज्यांना पटवायचे होते नेमकी तीच माणसे चित्राबाहेर राहिली. खाणकामगाराने फुलाचा अपमान केला नव्हता. चित्रात आपण कुठे आहोत, एवढेच त्याने विचारले होते.

पुढच्या पावसाळ्यात शिक्षकांनी नळी कापली. पाच मिलिमीटर जाडीचे एक कडे तेवढे उरवले आणि त्यावर 28 मिलिमीटरचे एक जुने रुंद कोनाचे भिंग बसवले. आता फूल फिल्मवर स्वतःच्या आकाराच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान उमटे. पण त्याच्या मागे कातळ दिसे, साचलेले पाणी दिसे, दूरवरचे गुरू आणि ढगही अंधूकपणे दिसत. फ्लॅश घरी राहिला. थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा जमिनीशी तिरका धरून आभाळाचा उजेड फुलाच्या खालच्या बाजूला परतवायचा, छत्री वाऱ्याच्या बाजूला उभी करायची, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवायचा आणि वाट पाहायची. पंधरा वर्षे उजेडाच्या एका झोताने वाऱ्याला हरवल्यानंतर आता वारा थांबेपर्यंत थांबणे आले. एका चित्रासाठी कधी अर्धा तास जाई. एका चित्रात दवबिंदूच्या रोपापलीकडे, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चाललेली एक बाई आहे. ती पुसट आहे. पण गावात ते चित्र ज्याने पाहिले, त्याने ती कोण हे लगेच सांगितले.

या चित्रांनी सडा वाचला, असे म्हणता आले असते तर निबंधाला बरा शेवट मिळाला असता. तसे झाले नाही. रस्त्याकडचा अर्धा सडा 2006 साली खाणीला गेला. उरलेला अर्धा राहिला तो पाणी साचणाऱ्या खोलगट भागामुळे; खालच्या वाडीच्या विहिरींचे पाणी त्यावर अवलंबून आहे, असा वाडीचा आग्रह होता आणि तो मानला गेला. त्या बैठकीत नवी चित्रे हातोहात फिरली. त्यांतले साचलेले पाणी लोकांनी बोट ठेवून एकमेकांना दाखवले. फुलांबद्दल कोणी फारसे बोलले नाही. शिक्षकांना त्याचे वाईट वाटले नाही. फूल ज्या पाण्यावर उभे होते, त्याच पाण्यावर वाडीही उभी होती, आणि दोघांना एका चौकटीत आणणे एवढेच चित्राच्या हाती होते. साताऱ्याजवळचे कास पठार 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि सडे-पठारांवरील फुलांना प्रतिष्ठा लाभली. परंतु कोकणातील गावोगावच्या अनाम सड्यांचा निवाडा आजही बहुधा अशाच लहान बैठकांत होतो.

शिक्षक निवृत्त होऊन बराच काळ लोटला. फिल्म मिळणे दुर्मीळ झाले, झेनिटचे शटर थकले. आता त्या सड्यावर येणारी मुले मोबाइलच्या तोंडाशी जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून काढलेले मसुराएवढे भिंग चिकटवतात आणि क्षणात फुलाच्या पोटात शिरतात. खर्च शून्य, जवळीक मात्र पूर्वीसारखीच पातळ थराची. चिरे तासणाऱ्या त्या माणसाची नात त्यांच्यापैकीच एक. तिने काढलेले पहिले चित्र घेऊन ती शिक्षकांकडे आली, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ, हातभर लांब धरून पाहिले. चित्र उत्तम आहे म्हणाले. मग कपाटातून लाकडाची न वापरलेली नळी आणि पाच मिलिमीटरचे ते कडे काढून दोन्ही तिच्या हातावर ठेवली, आणि आधी लांब नळीतून, मग आखूड कड्यातून, समोरच्या गडग्याच्या चिऱ्यावर उगवलेले शेवाळ पाहायला सांगितले.